परळच्या ज्येष्ठ मंडळींसाठी मुंबईतल्या मुंबईत अर्ध्या दिवसाची भटकंती : काय पाहावे आणि कसे पाहावे?

प्रश्न : परळ भोईवाडा, निवृत्त कारकून

सर्वांना सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी बागेतल्या बाकांवर जमणारी आमची चौदा जणांची मंडळी आहे. सर्वांत धाकटे बासष्ट वर्षांचे आहेत, तर सर्वांत थोरल्या आजी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. कोणी शाळेत होते, कोणी बँकेत, तर एक जण १९८२च्या संपापर्यंत गिरणीच्या कताई खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. रोज भेटतो, चहा घेतो, औषधांच्या आणि नातवंडांच्या गोष्टी करतो. परंतु गेले वर्षभर सर्वांच्याच मनात असे येत आहे की महिन्यातून एकदा तरी एकत्र बाहेर पडावे आणि काहीतरी पाहून, जाणून घरी यावे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही एका सहल कंपनीमार्फत एक दिवसाची सहल केली होती. बस सकाळी सहाला येणार होती, ती पावणेआठला आली. जाऊन-येऊन नऊ तास बसमध्येच गेले आणि मुक्कामी पोहोचल्यावर जलतरण तलाव व कर्कश गाणी यांखेरीज काहीही नव्हते. जेवण तीन वाजता मिळाले. आमच्यातल्या एका बाईंनी इन्शुलिन वेळेवर घेतले होते आणि जेवण लांबल्याने त्यांना दरदरून घाम सुटला, त्या वेळी आम्ही सारेच घाबरून गेलो होतो. त्या दिवसापासून ‘सहल’ हा शब्द निघाला की मंडळींचे चेहरे उतरतात.

म्हणून मी येथे विचारतो आहे. मुंबईबाहेर जायचे नाही, फार तर खाडीपलीकडे एखादी फेरी चालेल. सकाळी निघून जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतायचे. चढण किंवा फार पायऱ्या नकोत, कारण पाच जणांचे गुडघे साथ देत नाहीत. स्वच्छतागृह जवळ असावे. याहून महत्त्वाची अट अशी की जे पाहू त्यात डोक्याला काही खाद्य असावे, आणि घरी आल्यावर आठवडाभर बाकावर बोलायला काही उरावे. देवदर्शनाच्या फेऱ्या आमच्या होतच असतात, त्यामुळे त्या येथे सुचवू नयेत, ही विनंती. ज्यांनी स्वतः अशा फेऱ्या केल्या आहेत त्यांनी अनुभवाचे सांगावे.

उत्तर : माझगाव, निवृत्त शिक्षिका

नमस्कार. मी शाळेत अठ्ठावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षे राणीच्या बागेतली झाडे पाहण्यात घालवली आहेत. त्यामुळे माझे उत्तर एकाच जागेपुरते आहे, परंतु ती जागा आपल्याला वर्षभर पुरेल, हे मी खात्रीने सांगते.

राणीची बाग म्हटले की लोकांना पेंग्विन आणि वाघ आठवतात. रविवारी सगळी गर्दी त्या बाजूला असते. मूळ बाग मात्र १८६०च्या दशकात वनस्पतींसाठी उभी राहिली आणि आजही तिचे खरे वैभव झाडांतच आहे. देशोदेशीचे असे वृक्ष तेथे आहेत, जे मुंबईत इतरत्र क्वचितच दिसतील. परळहून भायखळा तीनच स्थानके दूर आहे आणि स्थानकाच्या पूर्वेला उतरले की थोड्या चालीवर फाटक येते. आतले रस्ते सपाट आहेत, जागोजाग बाक आहेत आणि स्वच्छतागृहेही आहेत. बुधवारी बाग बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

आता कसे पाहावे, हे सांगते. एका फेरीत सारी बाग पाहण्याचा हट्ट धरू नये. पाच झाडे निवडावीत, प्रत्येकाखाली दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि तीच पाच झाडे पुढे दर दोन महिन्यांनी पुन्हा पाहावीत. मी आपल्याला कैलासपतीपासून आरंभ करायला सांगेन. त्याची फुले फांद्यांच्या टोकाला येत नाहीत. थेट बुंध्यातून फुटलेल्या लांब दोरखंडासारख्या देठांवर येतात. एखादे ताजे गळलेले फूल तळहातावर घेऊन सावकाश न्याहाळावे. सहा जाड, मांसल, गुलाबी-केशरी पाकळ्या असतात. मधोमध इवलीशी पिंड दिसते आणि तिच्यावर नागाने फणा धरावा तशी पुंकेसरांची एक पट्टी वाकलेली असते. या रचनेमुळेच आपल्याकडे ते शंकराचे झाड झाले, वास्तविक ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहे. सुगंध इतका दाट असतो की झाड दिसण्याआधी तो आपल्याला गाठतो. त्याची फळे मात्र तोफेच्या गोळ्यासारखी गोल, टणक आणि जड असतात. म्हणून त्या झाडाच्या अगदी खाली कोणीही बसू नये, लांबूनच पाहावे.

दुसरे झाड उर्वशीचे आहे. हे मूळचे ब्रह्मदेशातले असून त्याची लाल फुले झुंबरासारखी खाली लोंबतात आणि प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो. तिसरा सीतेचा अशोक घ्यावा, कारण आपल्यापैकी बहुतेक जण सोसायटीच्या कुंपणालगतच्या उंच, सरळसोट आसुपालवालाच अशोक समजत आले आहेत. खरा अशोक मध्यम उंचीचा आणि दाट सावलीचा असतो. त्याचे फुलांचे गुच्छ आधी केशरी-पिवळे असतात आणि पुढे लाल होत जातात, त्यामुळे एकाच गुच्छात दोन्ही रंग दिसतात. चौथी गोरखचिंच. ही आफ्रिकेतली. तिचा अवाढव्य बुंधा पाहून सर्वांनाच हात लावावासा वाटतो. तिचे पांढरे, तळहाताएवढे फूल पावसाच्या सुरुवातीला रात्री उमलते, वटवाघळे त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ते गळून पडते, म्हणून जून-जुलैतल्या सकाळी खाली पडलेले फूल पाहायला अवश्य जावे. पाचवे झाड तामण. महाराष्ट्राचे राज्यफूल असूनही ते ओळखणारे लोक फार थोडे भेटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. एप्रिल-मे महिन्यांत ते जांभळ्या फुलांनी भरून जाते.

प्रत्येकाने एक लहान वही ठेवावी आणि तारीख, झाड, पालवी-फूल-फळ यांपैकी काय होते, एवढेच लिहावे. माझ्या वह्यांची आता सातवी वही चालू आहे. गेल्या वर्षी अमुक झाड केव्हा फुलले होते हे आपल्याच हस्ताक्षरात वाचायला मिळते, त्यातले सुख निराळेच असते.

उन्हाचा कडाका वाढला की बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरावे. हे १८७२ साली खुले झाले आणि मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय आहे. मुंबईच्या जुन्या व्यवसायांच्या आणि लोकजीवनाच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तेथे आहेत आणि ज्येष्ठांना त्या फार आवडतात, असा माझा अनुभव आहे. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती नजरेतून सुटू देऊ नका. हाच तो हत्ती, ज्याच्यामुळे घारापुरीला इंग्रजीत एलिफंटा हे नाव पडले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत यारी (क्रेन) मोडली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून तो येथे उभा करण्यात आला. जवळ गेल्यावर सांधे दिसतात. संग्रहालयदेखील बुधवारी बंद असते.

उत्तर : शिवडी, गोदीतून निवृत्त

वरील बाईंचे म्हणणे मला पटले. तरीही केवळ झाडांवर थांबू नये, असे मी म्हणेन. मुंबई समुद्राच्या तालावर चालते आणि तो ताल आपल्या पिढीला दिनदर्शिका पाहून कळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी चौतीस वर्षे गोदीत काढली. आमच्याकडे जुन्या गोद्यांमध्ये जहाज आत घ्यायचे किंवा बाहेर काढायचे तर भरतीची वेळ साधावी लागे, त्यामुळे घड्याळाआधी पाणी पाहण्याची सवय लागली ती कायमची.

आपल्या कोकण किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल त्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनला. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच. दिवसाला दोन भरत्या येतात, म्हणून तीच वेळ सकाळी आणि थोड्या फरकाने रात्री धरावी, आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. याचे कारण असे की चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागून येते. आपण पाऊण तास धरतो, म्हणून हिशेबात थोडी चूक राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

आपल्या मंडळीत एकादशी आणि संकष्टी पाळणारे नक्कीच असतील. त्यांना तिथी तोंडपाठ असते, त्यामुळे भरतीही पाठ झाल्यासारखीच आहे. एखाद्या सकाळी दादर चौपाटीवर बसून हा हिशेब प्रत्यक्ष पाण्याशी ताडून पाहावा. द्वितीया-तृतीयेला सकाळी आठ-नऊच्या सुमारास पाणी पूर्ण ओसरलेले सापडते. वाळूत काठी रोवावी, अर्ध्या तासाने पाहावे. माझा नातू हे पाहून जेवढा हरखला, तेवढाच मीही हरखलो, जरी मी ते जन्मभर पाहत आलो होतो.

यावर आधारलेली खरी फेरी रोहित पक्ष्यांची आहे. ठाण्याच्या खाडीत साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत ते येतात. पूर्वी आम्ही शिवडीच्या धक्क्यावरून पाहत असू. ज्येष्ठांना मात्र मी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जायला सांगेन, कारण तेथून वन विभागाच्या बोटीत बसून खाडीत जाता येते. उन्हात तासन्‌तास उभे राहावे लागत नाही. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, म्हणून दिवस निवडतानाच तिथी पाहावी आणि जागा आधी राखून ठेवाव्यात. भरती-ओहोटीच्या तक्त्यात छापलेली वेळ अपोलो बंदराची, म्हणजे गेटवेजवळची, असते, खाडीत आत पाणी जरा उशिरा चढते, हेही ध्यानात असू द्यावे.

येथे दोन जातींचे रोहित असतात. संख्येने जास्त असतो तो छोटा रोहित, त्याची चोच गडद, जवळजवळ काळसर लाल असते. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. बोटीतून चोच दिसली की जात ओळखता येते. खाताना तो मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतो आणि चिखलाच्या पाण्यातून शेवाळ गाळून घेतो. त्या शेवाळातल्या द्रव्यामुळेच त्याला गुलाबी रंग येतो; पिल्ले करड्या रंगाची असतात आणि मोठी होता होता रंग धरतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला.

उत्तर : शीव, निवृत्त परिचारिका

आपल्या सहलीत त्या बाईंना घाम सुटल्याचे वाचून मला राहवले नाही, म्हणून स्थळांविषयी काही न सांगता मी इतकेच लिहिते.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात साखर असावी, पिशवीत नव्हे. घाम, हातांची थरथर, अचानक चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला की वाट न पाहता तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. फरक नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. बरे वाटले की पोटात थोडे खाणे जाऊ द्यावे. प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात किंवा पर्समध्ये नाव, घरचा दूरध्वनी आणि चालू औषधे लिहिलेला कागद असावा.

चालताना सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीला पुढे ठेवावे. पुष्कळ मंडळांत तिला शेवटी ठेवतात, मग पुढचे थांबून विसावा घेतात आणि ती पोहोचताच निघतात, त्यामुळे विसावा जिला हवा तिलाच तो मिळत नाही. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिण्याची आपल्या बायकांची सवय मी आयुष्यभर पाहिली आहे आणि तिच्यामुळे आलेल्या चकरा आणि मूत्रमार्गाचे विकारही पाहिले आहेत. प्रमुखाने निघाल्यावर पहिल्याच मुक्कामी स्वच्छतागृह कोठे आहे ते मोठ्याने सांगावे, म्हणजे कोणाला विचारण्याचा संकोच उरत नाही.

शिवडीच्या काकांनी तिथीचा हिशेब फार छान सांगितला. माझी एकच हरकत आहे. फेरी एकादशीला ठेवू नका. उपवास, ऊन आणि मधुमेहाची गोळी यांचा मेळ बसत नाही.

उत्तर : दादर, निवृत्त पोस्टमन

मी दादर, नायगाव, परळ या भागांत पस्तीस वर्षे टपाल वाटले. जागा दाखवण्यापेक्षा रोजच्या वाटेवरचे दाखवावे, असे मला वाटते, म्हणून दोन फेऱ्या सुचवतो.

पहिली फेरी कोटातल्या, म्हणजे फोर्ट भागातल्या, मुख्य टपाल कार्यालयाची. बोरीबंदरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरले की ते जवळच आहे. ही इमारत १९१३ साली पूर्ण झाली आणि तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. घुमटाखालच्या मोठ्या दालनात आजही खिडक्यांवर कामकाज चालते. तेथे प्रत्येकाने पन्नास पैशांचे पोस्टकार्ड घ्यावे, नातवंडाला चार ओळी लिहाव्यात आणि पेटीत टाकावे. किती दिवसांनी पोहोचते ते पुढच्या भेटीत ताडून पाहावे.

पत्ता लिहिताना एक गंमत मंडळींना सांगावी. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. त्याआधी आपण ‘परळ, मुंबई १२’ किंवा ‘दादर, मुंबई १४’ असे लिहीत असू. तेच आकडे नव्या क्रमांकाच्या शेवटी राहिले, म्हणून परळ ४०००१२, दादर ४०००१४, शिवडी ४०००१५. घरात जुनी पत्रे, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले असतील तर ते काढून पाहा. एका आजोबांनी मला त्यांच्या आईची १९५८ सालची पत्रे दाखवली होती. तिच्या प्रत्येक पत्त्यावर ‘१२’ हा आकडा ठळक गिरवलेला होता, कारण तो चुकला तर पत्र भलतीकडे जाईल, अशी तिला भीती वाटे. ते पाकीट हातात घेतल्यावर माझ्यासारख्या पोस्टमनला जे वाटले, ते शब्दांत सांगता येत नाही.

टपाल कार्यालयातून हळूहळू चालत सेंट थॉमस कॅथेड्रलपर्यंत यावे. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सी करावी. १७१८ साली खुल्या झालेल्या या चर्चमुळेच किल्ल्याच्या दरवाजाला चर्चगेट हे नाव मिळाले. दरवाजा १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर पाडला गेला, नाव राहिले. ब्रिटिशांनी मुंबईतली मैलांची अंतरे याच चर्चपासून मोजली आणि रस्त्याकडेला रोमन आकड्यांचे काळे दगड बसवले. डांबराचे थर चढत गेले तसे हे दगड जमिनीत बुडाले, काहींचे फक्त माथे वर राहिले. अलीकडे पालिकेने त्यांतले काही उकरून नीट बसवले आहेत. एकदा चर्च पाहून आल्यावर असा दगड रस्त्यात भेटला की तो कोठून मोजला आहे हे आपल्याला कळते, आणि मग पदपथावर नजर आपोआप खाली जाते. शेजारच्या एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलला तीस पायऱ्या आहेत, म्हणून तो आपण खालूनच पाहावा.

दुसरी फेरी घराजवळची आहे. दादर टीटी आपण रोज म्हणतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली. मी तेव्हा चौथीत होतो. वडील मला खांद्यावर घेऊन उभे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसेच माणसे होती आणि चालक पायाने घंटी सारखी वाजवत होता. एवढेच मला आठवते, गाडीचा रंगही आठवत नाही. आपल्या मंडळीत सत्तरीच्या पुढचे जे असतील त्यांना तेथे नेऊन उभे करा आणि प्रत्येकाला काय आठवते ते विचारा. नंतर एखाद्या दिवशी आणिक आगारातले बेस्टचे संग्रहालय पाहावे. जुनी तिकिटे, तिकिटांना छिद्र पाडण्याची यंत्रे आणि ट्रामची प्रतिकृती तेथे आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी.

आणि राणीच्या बागेत जालच, तेव्हा काळा घोडा पाहून या. ज्या पुतळ्यावरून फोर्टातल्या काळा घोडा चौकाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून बागेत नेलेला आहे. नाव एकीकडे आणि घोडा दुसरीकडे, असे झाले आहे.

मूळ प्रश्नकर्ता : परळ भोईवाडा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मी मंडळींच्या वतीने ऋणी आहे. उत्तरे छापून घेतली आणि बाकावर मोठ्याने वाचून दाखवली. तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, आम्ही अकरा जण राणीच्या बागेत गेलो. त्याची हकीकत कळवतो.

परिचारिका बाईंनी सांगितल्याप्रमाणे एक्याऐंशी वर्षांच्या आजींना पुढे ठेवले. त्यांच्या चालीने चालल्यामुळे आम्हांला पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला आणि त्याचाच लाभ झाला. एका जुन्या इमारतीच्या आवारातली काटेसावर फुटून रस्त्यावर कापूस उडत होता. एरवी आम्ही तो तुडवून गेलो असतो. आमचे गिरणीतले जॉबर थांबले, त्यांनी चिमूटभर कापूस उचलला, दोन बोटांत धरून हलकेच ताणला आणि पिळ दिला. तो पिळ बसेना, सरकून सुटू लागला. ते म्हणाले, ‘‘याला चमक आहे, पण पकड नाही. धागा गुळगुळीत आणि आखूड आहे. याचे सूत निघत नाही, म्हणून हा उशीतच जातो.’’ मग सरकीच्या कापसाचा धागा कसा नैसर्गिक पीळ घेऊन येतो, तो एकमेकांना कसा धरतो, ओल कमी असेल तर खात्यात सूत कसे तुटे आणि म्हणून तेथे हवेत पाण्याचे तुषार कसे सोडत, हे त्यांनी आम्हांला तेथेच पदपथावर उभ्या उभ्या सांगितले. बेचाळीस वर्षे आम्ही शेजारी आहोत. त्यांच्या तोंडून गिरणीतल्या कामाविषयी इतके मी प्रथमच ऐकले. संपाविषयी ते बोलत असत, कामाविषयी कधी नाही.

बागेत आमची चार झाडे झाली. उर्वशीचा बहर ओसरला होता. कैलासपतीचे फूल आजींनी ओंजळीत धरले, पुष्कळ वेळ पाहिले, आणि त्या म्हणाल्या की हे फूल त्यांच्या सासरच्या देवळात वाहत असत, पण झाड त्यांनी आजच पाहिले. संग्रहालयातल्या मातीच्या प्रतिकृतींसमोर दोघे जण इतके रमले की त्यांना शोधायला मला परत जावे लागले. दगडी हत्तीचे सांधे पाहिले. घोडाही पाहिला. सव्वाबारापर्यंत सर्व जण घरी होते आणि कोणाचेही जेवण चुकले नाही.

वह्या आठ जणांनी केल्या आहेत. जॉबरांच्या वहीत पहिल्या पानावर झाडाऐवजी तो कापूस चिकटवलेला आहे.

आता शिवडीच्या काकांना एक विचारायचे आहे. एकादशी नको असे परिचारिका बाई म्हणतात आणि मंडळींचाही तोच कौल आहे. मग ऐरोलीला द्वादशीस जाणे योग्य होईल काय? हिशेबाने बाराची पाऊणपट नऊ येते. परळहून किती वाजता निघावे?

उत्तर : शिवडी, गोदीतून निवृत्त

हिशेब बरोबर केलात, द्वादशी उत्तम. नऊची भरती धरली तरी ऐरोलीला पाणी त्याहून थोडे उशिरा पूर्ण चढेल. जागा राखताना केंद्राकडून बोटीची नेमकी वेळ घ्या आणि तीच अंतिम माना. परळहून धीम्या गाडीने ठाण्याला, तेथे गाडी बदलून ऐरोली, आणि पुढे रिक्षा. आजींच्या चालीने ठाण्याचा पूल ओलांडायला लागणारा वेळ धरून साडेसहाला घर सोडावे. त्या वेळी ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बसायला जागा मिळते. मे महिना उलटण्याआधी उरकावे, नंतर पक्षी निघून जातात.

जागा शिल्लक असेल तर पंधरावा मी येईन. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणतो. द्वादशी आहे, तेव्हा शाकाहारी मंडळींसाठी वेगळ्या डब्यात खोबऱ्याची चटणी आणतो.